ठेकेदाराचे नाव, मजुराचे डोके

होळी झाली की पुण्यातल्या बांधकाम ठेकेदारांकडून टोप्यांच्या ऑर्डरी सुटू लागतात. कोणी सिमेंट किंवा रंगाच्या कंपनीच्या मेळाव्यात फुकट मिळालेल्या टोप्या वाटून टाकतो, कोणी रविवार पेठेतल्या घाऊक दुकानातून उचलतो, तर कोणी आपल्या फर्मचे नाव मुद्दाम घालून घेतो. दुकानदाराचे प्रश्न ठरलेले असतात. किती नग, रंग कोणता, नाव छापायचे की मशीनवर भरायचे, आणि डझनाला काय भाव परवडेल. ही टोपी घालून माणूस नेमके कोणते काम करणार, हे दुकानदार विचारत नाही आणि ठेकेदारही सांगत नाही. खरे तर टोपीची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

कारण गवंडी, सळया बांधणारा फिटर, रंगारी, प्लंबर आणि वेल्डर यांची डोकी सारखी असली तरी त्यांच्यावर येणारे संकट सारखे नसते.

हवामान खात्याचा तापमापक ज्या पेटीत असतो, ती पेटी पांढऱ्या रंगाची आणि झडपांची असते. आत सावली असते आणि वारा खेळता असतो. ‘आज पुण्याचा पारा ३९ अंशांवर’ ही बातमी त्या सावलीतल्या हवेची असते. थोडक्यात, तापमापकाला छप्पर मिळते. स्लॅबवर काम करणाऱ्या माणसाला ते मिळत नाही. उन्हात उभे राहिल्यावर शरीराला जाणवणारी उष्णता सावलीतल्यापेक्षा ८ अंश सेल्सिअसपर्यंत जास्त असू शकते, असे अमेरिकेचे हवामान खाते सांगते. त्यात तापलेल्या सळया, पत्रे आणि काँक्रीटकडून खालून येणारी झळ वेगळीच.

पुण्यात आणखी एक गोष्ट घडते. मे महिन्याच्या मध्यावर, १३-१४ तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ म्हणून मुलांना हा खेळ दाखवतात. बांधकामावर मात्र त्याचा अर्थ सरळ आहे. त्या दिवसांत ताठ उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर ऊन थेट पडते, आणि वाकलेल्या माणसाच्या मानेवर व पाठीवर पडते.

बांधकामावर ताठ उभे राहून होणारे काम फार थोडे. विटा रचणारा वाकलेला असतो, फरशी बसवणारा उकिडवा बसलेला असतो आणि सळया बांधणारा फिटर तर दिवसभर कमरेत वाकून तारांना पिळे मारत असतो. क्रिकेटपटूंसारखी पुढे झडप असलेली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवा आणि त्याला वाकू द्या. झडपेची सावली पडते जमिनीवर. कान उघडे, मान उघडी, आणि मानेचा मागचा भाग तर सूर्याकडेच तोंड करून. ही टोपी मुळात मैदानावर मान वर करून चेंडू बघणाऱ्यांसाठी आहे. ती बांधकामावर आली याचे एकच कारण दिसते. तिच्या कपाळावर नाव छापायला सपाट जागा मिळते.

म्हणून उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी सगळीकडून कड असलेली टोपी घ्यावी. कड ७ ते ८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटे रुंद असावी. वाऱ्याने उडते अशी तक्रार येईल, त्यासाठी हनुवटीखाली नाडी हवी. ती नको असेल तर झडपेची टोपी चालेल, पण मागे मानेवर पडणारा कापडी पडदा शिवलेला हवा. उत्तर भारतातून आलेले मजूर टोपीखालून गमछा सोडतात, आपल्याकडचे पंचा किंवा टॉवेल सोडतात. ते हेच काम करते. शेतकऱ्यांनी मुंडासे बांधताना शेमला मानेवर का सोडला, याचा विचार टोप्यांच्या कारखानदारांनी केलेला दिसत नाही.

कापड, पट्टी आणि नाव

टोपीचे कापड हातात घेऊन सूर्याकडे धरावे. आरपार उजेडाचे ठिपके दिसत असतील तर अतिनील किरणही तिथून आत येतील. घट्ट विणीचे सुती ड्रिल चांगले. सुताबरोबर थोडे पॉलिएस्टर असेल तर टोपी जास्त टिकते, लवकर वाळते आणि चुरगळत नाही. मागे जाळी असलेली टोपी हवेशीर असते, पण टक्कल असलेल्या किंवा विरळ केसांच्या माणसाला ती उन्हात देऊ नये. रंग फिका असावा. काळी किंवा गडद निळी टोपी मळ लपवते, म्हणून मुकादमांना आवडते, पण ती ऊन शोषून तापते. रस्त्यालगत काम असेल, तर गाडीवाल्याला लांबून दिसेल असा भडक पिवळा किंवा नारिंगी रंग घ्यावा.

कपाळाला टेकणारी आतली पट्टी हा टोपीचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ती मऊ, सुती, टॉवेलसारखी घाम पिणारी हवी. स्वस्त टोप्यांत तिथे गुळगुळीत सिंथेटिक फीत असते, घाम तिच्यावरून घसरून थेट डोळ्यांत उतरतो. हातात ग्राइंडर असलेल्या माणसाच्या डोळ्यांत घाम जाणे ही किरकोळ गैरसोय नाही. कपाळामागे फोमचा तुकडा असलेली, निवडणुकीत वाटतात तसली टोपी घेऊच नये. फोम घाम धरून ठेवतो आणि काही महिन्यांत त्याचा भुगा व्हायला लागतो.

टिकाऊपणाची परीक्षा तीन ठिकाणी होते. पहिली झडप किंवा कड. तिच्यात पुठ्ठा असेल तर दोन धुण्यांत फुगून वाकडी होते. प्लास्टिकची पट्टी किंवा अनेक टाक्यांनी घट्ट केलेले कापड टिकते. दुसरी मागची बंदी. प्लास्टिकच्या खुंट्यांची पट्टी उन्हाने ठिसूळ होऊन तुटते, आणि वेल्क्रोमध्ये सिमेंटची धूळ भरली की ते चिकटायचे थांबते. कापडी पट्टी आणि साधी कडी सर्वांत जास्त चालते. तिसरी शिवण. आतून शिवण फितीने झाकलेली असेल तर ती उसवत नाही आणि टाळूला टोचतही नाही.

आता नाव. रबरासारखा जाड छाप मारला की त्या जागी कापडाची हवा बंद होते, आणि धुतल्यावर तो छाप भेगाळतो. मशीनवर भरलेले नाव टोपीइतकेच टिकते. मात्र भरतकामाची मागची बाजू खरखरीत असते आणि ती नेमकी कपाळावर येते. त्यामागे मऊ अस्तर लावून मागावे. नाव लहान ठेवले तर दोन्ही प्रश्न निम्म्याने सुटतात. जाहिरातीला तेवढे पुरते.

टिकाऊ या शब्दाचा मात्र गैरसमज नको. वर्षभर न धुता चालते ती टोपी टिकाऊ नव्हे. दर आठवड्याला धुऊनही आकार सोडत नाही ती टिकाऊ. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ असतो, आणि त्यात क्रोमियमचे असे संयुग असते की त्याची त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते. गवंड्यांच्या हातांवर दिसणारा भेगाळलेला, खाजरा इसब अनेकदा त्याचाच. घामाने भिजलेल्या पट्टीत सिमेंट मुरले की तेच कपाळावर, कानांमागे आणि केसांच्या रेषेवर दिसते. माणूस मलमे बदलत राहतो, टोपी बदलत नाही. त्यामुळे माणशी दोन टोप्या द्याव्यात, एक डोक्यावर आणि एक दोरीवर. टोप्यांची अदलाबदल करू नये. घामाबरोबर उवा आणि बुरशीही प्रवास करतात.

जुन्या पेठांमधल्या वाड्यांची रंगरंगोटी करणाऱ्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. जुन्या दारे-खिडक्या घासताना उडणारी भुकटी रंगाऱ्याच्या टोपीवर आणि कपड्यांवर बसते आणि संध्याकाळी त्याच्या घरी पोहोचते. रांगणाऱ्या मुलाच्या मेंदूला शिशाची फार कमी मात्राही बाधते. अशा कामाची टोपी कामावरच काढून पिशवीत ठेवावी, घरात झटकू नये, आणि वेगळ्या पाण्यात धुवावी.

वेल्डर आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांना पूर्ण सुती टोपीच द्यावी. ठिणगी पडली की सूत जळते, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. चिकटलेली भाजणी जास्त खोल असते.

टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे

एवढे करूनही टोपी ऊन, घाम आणि धूळ यांच्यापलीकडे काही अडवत नाही. एकसारख्या टोप्या घातलेली मंडळी कामावर शिस्तीत दिसतात, आणि सुरक्षेची काळजी घेतली गेल्याचा भास होतो. टोप्या वाटण्यातला खरा धोका हाच आहे.

वरून काही पडण्याची शक्यता आहे अशा प्रत्येक जागी मालकाने राष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेले हेल्मेट द्यायचे, हे बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांतच लिहिले होते. भारतीय मानक आहे आयएस २९२५. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि हा आकडा शोधावा. रस्त्याकडेला मिळणारे पातळ पिवळे टोपले हेल्मेटसारखे दिसते, एवढेच.

हल्ली दुकानांत ‘बंप कॅप’ नावाचा तिसरा प्रकार मिळतो. दिसायला झडपेची टोपी, आत प्लास्टिकची कवटी. ती वाईट नाही, पण तिचे काम वेगळे आहे. ठेंगण्या तळघरात किंवा डक्टमध्ये पाइपावर आपले डोके आपटले तर ती वाचवते, त्यामुळे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला उपयोगी. युरोपीय मानकात हेल्मेटची परीक्षा ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकून घेतात, तर बंप कॅपची तेच वजन फक्त २५ सेंटिमीटरवरून टाकून. म्हणजे एक चतुर्थांश धक्का. ती परांचीखाली घालणे म्हणजे फसवणूक, बहुधा स्वतःचीच. तसे तिसऱ्या मजल्यावरून सुटलेल्या अख्ख्या विटेपुढे हेल्मेटही पुरे पडेलच असे नाही. परांचीला जाळी आणि कडेला फळी लागते ती त्यासाठी. बालेवाडीत २९ जुलै २०१६ रोजी स्लॅब कोसळून ९ मजूर उंचावरून पडून गेले. अशा पडण्यात डोक्यावर काय होते हा प्रश्न उरतच नाही.

हेल्मेट न घालण्याचे कारण मजुरांना विचारले तर उत्तर बहुतेक एकच येते: ‘गरम होतं.’ हे उत्तर खोटे नाही. कवच पांढरे असावे, वर हवेसाठी भोके असलेला प्रकार मिळतो, तो विजेचे काम नसेल तिथे वापरावा, आणि आत घाम टिपायला पातळ सुती टोपडे घालावे. मात्र रोजची झडपेची टोपी घालून तिच्यावर हेल्मेट चढवू नये. हेल्मेटचे कवच आणि आतल्या पट्ट्यांची जाळी यांच्यात बोट-दोन बोटांची पोकळी असते. धक्का त्या पोकळीत जिरतो. टोपी घातली की हेल्मेट नीट बसत नाही, पुढे सरकते, आणि टोपीच्या शेंड्यावरचे गोल बटण जोरदार फटक्यात थेट कवटीवर दाबले जाते. मानेसाठी हेल्मेटलाच मागे अडकवायचे पडदे मिळतात, ते घ्यावेत.

हेल्मेटवर नाव रंगवून घेण्याची हौसही आवरावी. काही रंग आणि थिनर प्लास्टिकला आतून ठिसूळ करतात, आणि रंगाखालची तडा दिसत नाही. नाव घालायचेच तर हेल्मेट बनवणाऱ्यानेच घातलेले घ्यावे. उलटे करून बसायला किंवा वाळू मोजायला वापरलेले, किंवा एकदा मोठा फटका खाल्लेले हेल्मेट टाकून द्यावे. आतल्या बाजूला उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेले असते, ते बघायची सवय फारशी कोणाला नाही.

या सगळ्या चर्चेतून निसटतात त्या घमेली वाहणाऱ्या बायका. त्यांच्या डोक्यावर पदर असतो, पदरावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले. हेल्मेट घातले की चुंबळ बसत नाही, चुंबळ बसवली की हेल्मेट नाही. त्यामुळे साइटवर सर्वांना हेल्मेट असले तरी अनेकदा त्यांनाच ते नसते, आणि त्या मात्र परांचीखालूनच ये-जा करत असतात. ‘बायका वापरत नाहीत’ असे सांगून हा विषय संपवला जातो. त्याला टोपीच्या दुकानात उत्तर नाही. ओझे डोक्यावरून उतरवून लिफ्टच्या बादलीत, पुलीवर किंवा चाकाच्या गाड्यावर टाकणे, हा खरा इलाज आहे. मानेच्या मणक्यांनाही तोच हवा असतो.

डोके तापते म्हणजे काय

इंग्रज अमलात पुण्याच्या कॅम्पात गोरे अधिकारी ‘सोला टोपी’ घालून हिंडत. ती सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या भेंडापासून बनत असे. सूर्याचे किरण कवटी भेदून मेंदूला इजा करतात आणि त्यातून उष्माघात होतो, अशी त्या काळच्या लष्करी डॉक्टरांची समजूत होती. पाठीचा कणा वाचवण्यासाठी सदऱ्याला आतून जाड पट्ट्याही लावत. पुढे कळले की उष्माघात म्हणजे डोक्याचा नव्हे, सगळ्या शरीराच्या शीतकरण व्यवस्थेचा पाडाव आहे. जाड पट्ट्यांनी तर घाम कोंडून उलटाच परिणाम होत असणार.

तरीही टोपी बिनकामाची ठरत नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी पुरुषांच्या कधी डोक्यावर, कधी शरीराच्या खालच्या भागावर दिव्यांनी उन्हासारखी उष्णता सोडली. डोके तापवले तेव्हा हात आणि बुद्धी एकत्र वापरायच्या कामांत कामगिरी घसरली, आणि तीही शरीराचे एकूण तापमान फारसे वाढायच्या आत. प्रयोग लहान होता, पण परांचीवर उभ्या माणसाच्या दृष्टीने मोलाचा. त्याला उष्माघात होण्याची गरज नाही. एक पाऊल चुकले तरी पुरते.

पुण्याच्या एप्रिल-मेमधली कोरडी हवा आणखी एक फसवणूक करते. घाम येताक्षणी वाळतो, सदरा कोरडाच राहतो, आणि माणसाला वाटते आपल्याला घाम आलाच नाही. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ते पाणी परत भरले नाही तर व्यवस्था बंद पडते. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि जेवणात मीठ असलेले ताक किंवा पेज. टोपी भिजवून घातली तर तेवढाच गारवा.

सर्वांत जास्त जपायचे ते नव्याने आलेल्यांना. उन्हात काम करायची सवय शरीराला लागायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेतील नोंदींनुसार कामावर उष्णतेने झालेल्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात. आपल्याकडे मजूर होळीला गावी जातात आणि परत येतात ते ऊन तापल्यावर. आल्या दिवशी मुकादम त्यांना टोपी देतो आणि पूर्ण हजेरीचे काम लावतो. पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांशच काम उन्हात द्यावे आणि रोज थोडे वाढवत न्यावे. जुना माणूसही सुट्टीवरून आला असेल तर त्याला निम्म्यापासून सुरुवात करू द्यावी.

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, विनाकारण भांडू लागला किंवा पडला, तर तो प्यायला आहे असे समजू नये. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट बघत बसू नये. सावलीत नेऊन टोपी, हेल्मेट, सदरा काढावा, साइटवर क्युरिंगसाठी पाइप असतोच, त्याने डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी मारावे आणि दोघांनी पुठ्ठ्याने वारा घालावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, या तापावर ती चालत नाही. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत आणि मानेवर ठेवावा, आणि रुग्णवाहिका पोहोचल्यावरही रुग्णालयापर्यंत अंग ओले ठेवायला सांगावे.